दुसरी बाजू, तिसरं गाणं : एका जुन्या कंट्री-रॉक अल्बमच्या रीइश्यूचं प्रकरण

हे प्रकरण २०१९ ते २०२२ या काळातलं आहे. बँड, गायक, जुनी कंपनी, नवं लेबल (म्हणजे तबकड्या काढणारी कंपनी), कोणाचंच नाव इथे दिलेलं नाही. ओळख पटेल अशा दोन-तीन खुणाही बदलल्या आहेत. कायदे, दर आणि टेपची तऱ्हा मात्र जशी आहे तशीच सांगितली आहे.

पार्श्वभूमी

इंग्लंडच्या उत्तर भागात तीन माणसांचं एक लेबल आहे. जुने, बाजारातून गायब झालेले अल्बम हक्क घेऊन पुन्हा छापायचे, वर्षाला पाच-सहा, हा त्यांचा धंदा. मालक स्वतः विक्री बघतात, एक जण कव्हर आणि छपाई, आणि त्या काळात टेप व कागदपत्रं माझ्याकडे होती. मी पुण्याची. ध्वनिमुद्रण शिकायला इंग्लंडला आले आणि तिथेच राहिले.

अल्बम १९७३ चा, लॉस एंजेलिसचा. त्या शहरात तेव्हा कंट्री-रॉकचा, म्हणजे अमेरिकन ग्रामीण संगीत आणि रॉक यांच्या मिश्रणाचा, हंगाम होता. १९६८ साली बर्ड्स या बँडने ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ काढून रॉकच्या श्रोत्यांसमोर कंट्री संगीतातली पेडल स्टील गिटार आणून ठेवली, पुढच्या वर्षी फ्लाइंग बरिटो ब्रदर्स या बँडचा पहिला अल्बम आला. हे दोन्ही अल्बम आज मानाने घेतले जातात, पण तेव्हा फारसे खपले नव्हते. १९७२ मध्ये ईगल्स चालले आणि मग ज्याच्या ओळखीत एखादा स्टील वाजवणारा होता अशा कोणत्याही बँडशी कंपन्या करार करू लागल्या. आमचा चौघांचा बँड त्याच लाटेतला. एकच अल्बम, दहा गाणी. विक्री नगण्य. वर्षभरात बँड फुटला, त्यांची छोटी कंपनी मोठीने घेतली आणि मोठीला आणखी मोठीने.

हा अल्बम संग्राहकांच्या यादीत टिकून राहिला तो दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यामुळे. बाकीची नऊ गाणी नीटनेटकी आहेत, घोडे, हमरस्ते, सोडून गेलेल्या मुली. हे एकच गाणं संथ ब्लूज आहे, साडेपाच मिनिटांचं, आणि त्यात एक माउथ ऑर्गन असा काही वाजतो की ऐकणाऱ्याने हातातलं काम खाली ठेवावं. कव्हरवर चौघांचीच नावं होती आणि त्या चौघांत माउथ ऑर्गन वाजवणारा कोणी नव्हता. गीत-संगीताचं श्रेय होतं गायकाला.

अडचण

सुरुवातीला अडचण एकच दिसत होती : टेप.

१९७३ च्या अमेरिकन ध्वनिमुद्रणाला ब्रिटनमध्ये अजून संरक्षण आहे. पूर्वी तिथे मुदत ५० वर्षांची होती. २०१३ च्या नोव्हेंबरपासून ती ७० झाली, पण १९६२ अखेरपर्यंत प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणं त्याआधीच मोकळी झाली होती. युरोपातल्या दुकानांत पन्नाशीच्या दशकातल्या ब्लूजच्या स्वस्त एलपींचे ढीग दिसतात ते त्यामुळे. कोणीही जुनी तबकडी लावावी, संगणकावर घ्यावी आणि छापावी. (भारतात ही मुदत ६० वर्षांची आहे, त्यामुळे आपल्याकडेही असे ढीग लागायला हरकत नाही.) आमच्या अल्बमला मात्र रीतसर परवाना लागणार होता. तो मिळाला, पाच वर्षांसाठी, एलपी आणि सीडी. परवान्यासोबत आली एक ध्वनिफाइल. सीडीच्या जमान्यात कोणीतरी घाईत केलेली, १६ बिटची, माउथ ऑर्गनवर पत्रा घासल्यासारखी किनार असलेली.

करारात टेपबद्दल काहीच हमी नसते. कंपनीला तुम्ही गाण्याचे हक्क मागता. टेप सापडते की नाही हा तुमच्या नशिबाचा भाग. १ जून २००८ ला हॉलिवूडमध्ये युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली आणि तिथल्या साठ्यातल्या मास्टर टेप जळाल्या. त्यात नेमकं किती गेलं यावर पुढे बराच वाद झाला, पण त्यानंतर आमच्या धंद्यात कोणीही ‘टेप असेलच’ असं म्हणत नाही.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. खोक्यावर ‘मास्टर’ लिहिलेलं असलं म्हणजे आत मास्टर असतोच असं नाही. स्टुडिओत अनेक ट्रॅकांची टेप भरते, त्यावरून दोन ट्रॅकांचं मिश्रण होतं, आणि ती दोन ट्रॅकांची रीळं म्हणजे खरा मास्टर. मग तबकडी कोरण्यासाठी त्याची नक्कल निघते. या नकलेत खर्ज थोडा छाटलेला असतो, मोठे आवाज दाबलेले असतात, कारण स्वस्त प्लेअरची सुई खोबणीतून उडू नये. मग परदेशी कारखान्यांसाठी नकलेची नक्कल. या सगळ्यांवर कोणी ना कोणी ‘मास्टर’ लिहून ठेवलेलं असतं. आमच्या अल्बमची जी टेप कंपनीच्या यादीत मिळत होती ती अशीच कोरणीची नक्कल होती. मूळ रिळांसमोर लिहिलं होतं : जागा माहीत नाही.

कागदाने टेप शोधली

अमेरिकेत वादकांची संघटना आहे, तिच्या लॉस एंजेलिस शाखेचा क्रमांक ४७. स्टुडिओत सत्र झालं की त्याचं एक पत्रक भरून संघटनेकडे द्यावं लागे : तारीख, तास, कोण वाजवायला होतं, कोणाला किती. गायकांकडे, जे आता पंच्याहत्तरीला टेकले होते, आम्ही सहज विचारलं की तुमच्याकडे त्या दिवसांचं काही आहे का. महिनाभराने पत्रकांच्या पाच धुरकट छायाप्रती आल्या.

त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली लगेच कामाला आली : अल्बमचं नाव वेगळंच लिहिलं होतं. बाजारात यायच्या आधी कंपनीने नाव बदललं होतं आणि टेपच्या खोक्यांवर आधीचं राहिलं होतं. त्या नावाने शोधायला सांगितल्यावर दोन्ही मूळ रीळं चार दिवसांत सापडली, पेनसिल्व्हेनियातल्या बॉयर्स इथल्या चुनखडीच्या जुन्या खाणीत. तिथे आता कागद, फिल्म आणि टेप साठवण्याची कोठारं आहेत. म्हणजे रीळं हरवलेली नव्हतीच. सेहेचाळीस वर्षं ती जुन्या नावाने गप्प बसून होती.

दुसरी गोष्ट मी तेव्हा नुसती वाचली आणि पुढे गेले. तिसऱ्या पत्रकात पाचवं नाव होतं, वाद्य : हार्मोनिका, म्हणजेच माउथ ऑर्गन.

रीळं लॉस एंजेलिसच्या एका स्टुडिओत नेली. त्या काळच्या काही टेपांमधला लोहकणांना धरून ठेवणारा लेप हवेतला ओलावा पितो आणि चिकट होतो. अशी टेप तशीच चालवली तर ती यंत्राच्या हेडवर आपली कातडी सोडत जाते. म्हणून आधी तिला मंद आचेवर, साधारण ५४ अंश सेल्सिअसला, तासन् तास भाजावं लागतं. आपल्या पापडाच्या उन्हासारखंच, कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर संपलं. भाजलेली टेप काही आठवडे शहाण्यासारखी वागते, तेवढ्यात नक्कल करून घ्यायची. रिळाच्या सुरुवातीला १९७३ च्या तंत्रज्ञाने घातलेले तीन कसोटीचे सूर जागेवर होते, त्यामुळे यंत्र नीट जुळवता आलं. पहिल्या गाण्यालाच कळलं की आपण आजवर या अल्बमची सावली ऐकत होतो.

खोक्याचे फोटो मला पाठवले होते. दुसऱ्या रिळाच्या खोक्यावर गाण्यांची यादी, निळ्या शाईत, आणि तिसऱ्या गाण्यापुढे पेन्सिलने एक शब्द : ‘ट्रॅड?’ म्हणजे पारंपरिक, आणि पुढे प्रश्नचिन्ह. मी फोटो ‘कव्हरसाठी’ या फोल्डरमध्ये टाकला.

आवाजाचे निर्णय

यावर आमचे चौदा महिने गेले. वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हाच भाग आवडेल, पण थोडक्यात सांगते.

पहिला प्रश्न, टेपवरून थेट तबकडी कोरायची की मधे संगणक आणायचा? थेट कोरणीला लॅकरच्या, म्हणजे मऊ लेप दिलेल्या, तबकड्या लागतात, आणि ६ फेब्रुवारी २०२० ला कॅलिफोर्नियातल्या बॅनिंगमधला अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला. लॅकर बनवणाऱ्या जगातल्या दोन प्रमुख कारखान्यांपैकी तो एक, दुसरा जपानमध्ये. रांगा लागल्या. शिवाय भाजलेली टेप पुन्हा पुन्हा चालवण्याची कोणाची छाती नव्हती. आम्ही २४ बिट, १९२ किलोहर्ट्झची फाइल केली आणि तिच्यावरून तांब्याच्या पत्र्यावर थेट कोरण्याची पद्धत घेतली. कव्हरच्या स्टिकरवर हे जसंच्या तसं लिहिलं. मालकांना धास्ती होती की ‘डिजिटल’ शब्द वाचून लोक पाठ फिरवतील. आमचा अल्बम बाजारात आल्यावर काहीच महिन्यांत, २०२२ च्या उन्हाळ्यात, मोबाइल फिडेलिटी या नामांकित कंपनीच्या ‘मूळ मास्टर’वाल्या अनेक एलपींमध्ये न सांगितलेली डिजिटल पायरी होती हे उघड झालं आणि प्रकरण कोर्टात गेलं. तेव्हा मालक त्या स्टिकरकडे बघून हसले.

दुसरा प्रश्न व्हायोलिनांचा. चार गाण्यांवर निर्मात्याने बँडला न विचारता व्हायोलिनांचा ताफा चढवला होता आणि गायकांना तो काढून हवा होता. मागणी अवाजवी नव्हती. ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’वर बर्ड्सच्या ग्रॅम पार्सन्सने गायलेली काही गाणी आधीच्या कराराच्या भानगडीत दुसऱ्याच्या आवाजात बदलली गेली होती आणि पुढच्या काळातल्या रीइश्यूंमध्ये पार्सन्सचा मूळ आवाज ऐकायला मिळाला. पण तिथे मूळ अल्बम जागेवर ठेवून ते वर जोडलं होतं. आमच्याकडे अनेक ट्रॅकांच्या टेप सहाच गाण्यांच्या निघाल्या आणि त्या सहांत व्हायोलिनवाली दोनच. अर्धवट धुऊन काढण्यापेक्षा हात लावला नाही. गायक नाराज झाले, पण त्यांनी ऐकलं.

तिसरा प्रश्न तिसऱ्या गाण्याच्या पट्टीचा. ते गाणं ई आणि एफच्या मधोमध लागत होतं, आपल्या भाषेत पांढरी तीन आणि पांढरी चारच्या फटीत. माझ्या आजोबांकडे नाट्यपदांच्या ७८ च्या तबकड्या होत्या. ते फोनोचा वेग कमी-जास्त करत पेटीवर बोट ठेवून बसायचे, ‘काळी चारात गायलेत, पाचात वाजतंय’ म्हणत. इथे पेटीचं काम माउथ ऑर्गनने केलं. त्याच्या पट्ट्या पक्क्या असतात, त्यामुळे सूर अधांतरी असेल तर वेग बदललेला आहे हे नक्की. गिटारच्या अॅम्प्लिफायरची गुणगुण मोजली. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, गुणगुण भरली ६१.७. पाव सूर वर. पण ही टेप चालवणाऱ्याची चूक की मुद्दाम केलेलं? गायक म्हणाले, निर्मात्याला गाणं रेंगाळतंय असं वाटलं म्हणून मिश्रणाच्या वेळी त्याने वेग वाढवला. मग तोच अल्बम. आम्ही तसंच ठेवलं. या एका मुद्द्यावर आमच्यात तीन आठवडे ईमेल चालू होते, हे आता आठवून लाज वाटते, कारण तेवढ्यात त्याच गाण्याबद्दलचा खरा प्रश्न माझ्या एका फोल्डरमध्ये पडून होता.

खरा प्रश्न

मार्च २०२१ मध्ये मी लेबल कॉपी करायला बसले. लेबल कॉपी म्हणजे गाण्याचं नाव, रचनाकार, प्रकाशक (रचनेचे हक्क आणि पैसे सांभाळणारी कंपनी), लांबी, वादक असा तक्ता, ज्यावरून तबकडीचं मधलं गोल लेबल, कव्हरची मागची बाजू आणि मानधनाची नोंद तिन्ही होतात. रीइश्यूमध्ये हे काम म्हणजे जुन्या कव्हरवरून उतरवून घेणं. मी अकरा दिवसांची मुदत धरली होती. उतरवताना पेन्सिलचा तो शब्द आठवला.

त्या रात्री मी १९३० च्या दशकातल्या ब्लूजचे माझ्याकडचे संग्रह काढून बसले आणि दुसऱ्याच संध्याकाळी सापडलं. मिसिसिपीच्या एका गायकाची तबकडी. वेगळं नाव, वेगळी लय, एकच गिटार. पण पहिल्या चार कडव्यांचे शब्द तेच, फिरत तीच. हे गायक साठच्या दशकात गोऱ्या तरुण संग्राहकांना ‘पुन्हा सापडले’, कॉफी हाउसांतून गायले, आणि दशक संपता संपता वारले.

आमच्या गायकांना फोन केला तेव्हा त्यांनी काही लपवलं नाही. लॉस एंजेलिसच्या मेलरोज अॅव्हेन्यूवर अॅश ग्रोव्ह नावाचं ठिकाण होतं, १९५८ ते १९७३ पर्यंत, तिथे असे जुने गायक येत. ते गाणं त्यांनी तिथेच, त्या म्हाताऱ्या गायकांच्या तोंडून ऐकून शिकलं होतं. शेवटची दोन कडवी स्वतः जोडली. मुद्रणाच्या वेळी विचारलं तेव्हा ते म्हणाले होते की बहुधा पारंपरिक असावं. पुढे करार करताना कंपनीच्या प्रकाशन विभागाने रकान्यात त्यांचं नाव टाकलं आणि सव्वीस वर्षांच्या पोराने सही केली. पेन्सिल कोणाची ते त्यांनाही आठवत नव्हतं.

अशी उदाहरणं या संगीतात पावलोपावली आहेत. रोलिंग स्टोन्सच्या १९६९ च्या ‘लेट इट ब्लीड’वर जुने ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन यांचं एक गाणं वुडी पेन या नावाखाली छापलं होतं, आणि त्याच्या हक्कांचा वाद २००० सालापर्यंत अमेरिकन कोर्टात चालला. उलट, १९७१ च्या ‘स्टिकी फिंगर्स’वर त्यांनी ब्लूज गायक फ्रेड मॅकडॉवेलचं गाणं गायलं तेव्हा आरहूली या छोट्या लेबलचे ख्रिस स्ट्राखविट्झ पाठीस लागले आणि मॅकडॉवेलच्या हयातीत त्याला पैसे मिळवून दिले. म्हणजे तेव्हाही करणाऱ्याला करता येत होतं.

समोरचे पर्याय

इथे दोन हक्क वेगळे करून पाहावे लागतात. मिसिसिपीच्या गायकांचं १९३० च्या दशकातलं ध्वनिमुद्रण युरोपात केव्हाच मोकळं झालेलं आहे, ते आज कोणीही छापू शकतो. पण गाण्याची रचना हा वेगळा हक्क. ब्रिटनमध्ये तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो. ते साठच्या दशकाच्या अखेरीस गेले, म्हणजे २०३० च्या दशकापर्यंत त्यांच्या वारसांचा. त्यांच्या रचना एक अमेरिकन प्रकाशक सांभाळतो हेही कळलं.

मालकांचं पहिलं मत : जसं होतं तसं छापावं. आपण जुनी वस्तू पुन्हा आणतो, तिची दुरुस्ती करत नाही. व्हायोलिनं ठेवली, वेग ठेवला, मग श्रेयच का बदलायचं? या युक्तिवादाला मी दोन दिवस उत्तर शोधत होते, कारण तो आमच्याच आधीच्या निर्णयांवर उभा होता. शेवटी म्हटलं, व्हायोलिनांचे पैसे दर छपाईला कोणाच्या खात्यात जात नाहीत, या ओळीचे जातात.

दुसरा पर्याय ‘पारंपरिक’ लिहिण्याचा. कव्हर करणाऱ्या सहकाऱ्याला तो सुटसुटीत वाटला. मला तो सगळ्यांत वाईट वाटला आणि अजून वाटतो. त्यात चोरी दिसत नाही, मालकही दिसत नाही, आणि पारंपरिक गाण्याचा संयोजक या नात्याने पैसे आधीसारखे बँडच्या गायकांकडेच जातात. तिसरा, श्रेय जुनंच ठेवून आतल्या पुस्तिकेत खरी हकिकत लिहिण्याचा. पुष्कळ लेबलं हे करतात. वाचणाऱ्याला सत्य कळतं, वारसांना काही मिळत नाही.

चौथा पर्याय दोन्ही प्रकाशकांना समोरासमोर आणण्याचा. यातली ग्यानबाची मेख अशी की लेबलला श्रेय स्वतःहून बदलता येतच नाही. गाणं ज्याच्या नावावर नोंदलंय त्याने मान्य करायला हवं, आणि वाद आहे हे एकदा कळवलं की निकाल लागेपर्यंत त्या गाण्याचे पैसे अडकून राहतात. मालकांना भीती अल्बमच रखडण्याची होती.

रक्कम किती होती ते सांगते. ब्रिटनमध्ये एमसीपीएसचा, म्हणजे छापलेल्या प्रतींमागे रचनाकारांचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थेचा, दर घाऊक किमतीच्या ८.५ टक्के, तोही सगळ्या गाण्यांत मिळून. घाऊक किंमत १४ पौंड धरली तर एका एलपीमागे १.१९ पौंड, दहा गाण्यांत वाटले की एकाला साधारण १२ पेन्स. आम्ही छापणार होतो १,००० प्रती. म्हणजे सगळं मिळून ११९ पौंड. मालक म्हणाले, एवढ्यासाठी? मी म्हटलं, एवढेच आहेत तर देऊन टाकायला काय होतंय. हा वाद नव्हे, थट्टा होती, पण गाडी पुढे सरकली ती तिथून.

काय केलं

एप्रिलमध्ये दोन्ही प्रकाशकांना पत्रं गेली. सोबत खोक्याचा फोटो, जुन्या तबकडीची आणि १९७३ च्या मुद्रणाची शब्दशः तुलना, आणि गायकांचं सही केलेलं निवेदन. गायकांनी ते एका आठवड्यात दिलं, अट न घालता. फक्त आपली दोन कडवी आपली म्हणून मोजावीत एवढंच म्हणाले. वारसांच्या प्रकाशकाने आधी पूर्ण हक्क मागितला. बँडच्या प्रकाशकाने, जो आता त्याच महाकाय कंपनीचा एक विभाग होता, तीन महिने उत्तरच दिलं नाही. आम्ही आठवणी पाठवत राहिलो.

दरम्यान हार्मोनिकावाल्याचं नाव हाती होतं. ते दक्षिण लॉस एंजेलिसचे कृष्णवर्णीय वादक, ऐंशीच्या दशकात वारलेले. संघटनेमार्फत त्यांच्या मुलीपर्यंत पोचलो. तिला वडील स्टुडिओत जात हे माहीत होतं, कोणकोणत्या तबकड्यांवर आहेत हे नाही. आम्ही फाइल पाठवली. तिने दोन दिवसांनी फोन केला आणि गाण्याबद्दल काही न बोलता आधी विचारलं की श्वास घेतल्याचा आवाज ऐकू येतो तो त्यांचाच का. मूळ रिळावरून घेतलेल्या फाइलमध्येच तो ऐकू येतो. सीडीच्या फाइलमध्ये तो नव्हता.

सत्रातल्या वादकाला तेव्हा ठरलेले तासांचे पैसे मिळत, रीइश्यूचा वाटा त्याला नसतो. पण अमेरिकेत डिजिटल रेडिओच्या मानधनातले ५ टक्के अशा मागच्या वादकांसाठी आणि साथीच्या गायकांसाठी वेगळे काढलेले असतात, आणि ते वाटणारा निधी नोंद मागतो. पत्रकाची प्रत तिला दिली, अर्ज भरायला मदत केली.

इथे आम्ही चुकलो. २०२१ चा तो उन्हाळा. तबकड्यांचे कारखाने महिनोन्‌महिने मागे, कागदाची टंचाई, आणि छापखान्याने कळवलं की ऑगस्टमध्ये कव्हरं छापा नाहीतर पुढचा नंबर वसंतात. वाटाघाटी अडलेल्या. मालकांनी विचारलं, छापायची का? मी हो म्हटलं. माझा हिशेब असा की बँडचा प्रकाशक नकारच देणार. १,००० कव्हरं जुन्या श्रेयासह छापून झाली. हार्मोनिकावाल्यांचं नाव मागच्या बाजूला होतं तेवढं बरं.

ऑक्टोबरात दोन्ही प्रकाशकांचं जुळलं. तीन चतुर्थांश वारसांना, एक चतुर्थांश गायकांना, आणि श्रेयात दोघांची नावं, मिसिसिपीच्या गायकांचं आधी.

काय झालं

गोल लेबलं वाचली. ती तबकडी दाबतानाच तिच्यात बसतात, त्याआधी त्यांना भट्टीत सुकवतात, आणि आमची अजून छापायची होती. कव्हरं टाकून देण्याइतके पैसे नव्हते. शेवटी प्रत्येक प्रतीत एक चिठ्ठी घातली : मागच्या बाजूचं अमुक श्रेय चुकीचं आहे, बरोबर असं. एप्रिल २०२२ मध्ये अल्बम आला, पाच महिन्यांत संपला. जुन्या वस्तूंच्या बाजारात आता ‘चिठ्ठीसकट’ असलेल्या प्रतीला जास्त भाव मागतात. संग्राहक या जमातीबद्दल मला आदर आहे, पण मर्यादित.

आवाजाचं कौतुक झालं. वेगाबद्दल तीन तक्रारी आल्या, व्हायोलिनांबद्दल एकही नाही. श्रेय बदलल्याचा उल्लेख मी वाचलेल्या परीक्षणांपैकी एकातच होता, तोही कंसात. गायकांनी आपल्या प्रतीवर मागच्या बाजूला स्वतःच्या हाताने दुसरं नाव लिहिलं आणि फोटो पाठवला. हार्मोनिकावाल्यांच्या मुलीला दोन एलपी पाठवल्या. तिच्याकडे प्लेअर नाही हे नंतर कळलं, मग सीडी पाठवली.

आज करायचं झालं तर

लेबल कॉपी आधी, टेप नंतर. परवाना हाती आला त्याच आठवड्यात सत्रांची पत्रकं मागवायची, श्रेयाच्या प्रत्येक ओळीला आधार शोधायचा, खोक्यांचे फोटो ‘कव्हरसाठी’ या फोल्डरमध्ये न टाकता पुरावा म्हणून वाचायचे. पत्रांचे सात महिने असे तसे जाणारच होते. ते वेगावर ईमेल लिहिण्यात गेले त्या काळात सुरू झाले असते, तर ऑगस्टचा प्रश्न आलाच नसता.

ऑगस्टमध्ये मी हो का म्हटलं, याचं उत्तर मला आवडत नाही. छापखान्याची तारीख समोर होती, वारस दूर होते. रिकाम्या ओळीची कव्हरं छापून श्रेय फक्त आतल्या कागदावर द्यायचं, हा मधला मार्ग होता. सुचला तो नोव्हेंबरमध्ये.

व्हायोलिनांबाबत मात्र मी मत बदललेलं नाही. गायकांनी अजून दोनदा विचारलं आहे.

दुसरी छपाई २०२३ मध्ये निघाली, ५०० प्रती, मागची बाजू दुरुस्त. आतल्या पाकिटावर खोक्याचा फोटो आहे आणि भिंग लावलं तर पेन्सिल दिसते. स्ट्रीमिंगवर मात्र ते गाणं अजूनही एकट्या गायकांच्याच नावावर आहे. तिथली नोंद आमच्या परवान्यात येत नाही, ती मूळ कंपनीने बदलायची. तसा अर्ज आम्ही डिसेंबर २०२१ मध्ये केला, २०२२ मध्ये पुन्हा केला, आणि दोन्ही वेळा तो मिळाल्याची स्वयंचलित पोच आली.